धुतलेला वाफा

२२ फेब्रुवारी

डेर्क राउहोर्स्ट यास,

हे पत्र तुझ्या पेटीत टाकायला मी स्वतः चालत आले. आपल्या दोन घरांमध्ये दोनशे चाळीस पावलं आहेत. शेवटची पन्नास मी नाकाला रुमाल लावून चालले.

परवा फाटकापाशी मी तुला सरळ विचारलं, गोठ्याची हवा वाफ्यातून जाते आहे की नाही. तू टोपी मागे सारलीस आणि म्हणालास, "बाई, डुकरांना डुकरांचाच वास येणार. गुलाबाचा हवा असेल तर फुलवाल्याशेजारी घर घ्या." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसलास. तुझ्या विनोदांना दुसरं कोणी हसत नाही, म्हणून तुला ते करावं लागतं.

आता माझं ऐक. तुझ्या वडिलांनी आणि मी मिळून तो वाफा बांधला त्याला चोवीस वर्षं झाली. मीटरभर उंचीचा, झाडांच्या मुळांच्या ढलप्यांचा. अठराशे डुकरांची हवा पंखे खालून त्यात ढकलतात, ढलप्यांवर राहणारे जिवाणू तिच्यातला अमोनिया खाऊन टाकतात आणि वर येते ती ओल्या रानासारखी हवा. औषध नाही, आम्ल नाही. फक्त लाकूड, पाणी आणि डोळ्यांना न दिसणारे कामकरी. चोवीस वर्षं मी खिडकी उघडी ठेवून झोपले. शहरातली माझी बहीण इथे यायची तेव्हा विचारायची, "डुकरं मेली की काय गं?" त्यापेक्षा मोठी शाबासकी मला सरकारी नोकरीत कधी मिळाली नाही.

जानेवारीच्या मध्यापासून खिडकी बंद आहे. माझा तर्क असा, की तू वाफ्याला वळसा घालून हवा थेट बाहेर सोडतोस. ते बाजूचं तोंड मीच ठेवायला लावलं होतं, पंखा तुंबला तर डुकरं गुदमरू नयेत म्हणून. तुझा आळस सोयीचा व्हावा म्हणून नव्हे. वाफ्याच्या खोलीचं दार उघडून मला आत पाहू दे. आठ दिवस वाट पाहीन.

दुसरी गोष्ट. तुझ्या येनेकेचं लग्न सात जूनला आहे असं मला पावाच्या दुकानात कळलं. लग्नघराच्या दाराला हिरवी कमान बांधायची, कागदाची फुलं करायला सगळ्या आळीला जमवायचं, हे पहिल्या शेजाऱ्याचं काम, म्हणजे माझं. ते मी करणार नाही. पुढच्या घरी हेसेलिंकांना सांग. आजपासून मी तुझी पहिली शेजारीण नाही.

अलायडा वेन्सिंक


६ मार्च

डेर्क,

तुझी चिठ्ठी मिळाली. कागदाचा एवढा तुटवडा असेल तर सांग, वही पाठवते. खाद्याच्या पावतीमागे लिहिलेलं वाचायला मला भिंग लागलं.

"पहिलं शेजारपण चिठ्ठीनं सोडता येत नाही, बाई. त्यासाठी घर उचलून न्यावं लागतं." हे वाक्य तुझं नाही, तुझ्या वडिलांचं आहे, एव्हर्टचं. तो वृद्धाश्रमात गेल्यापासून तू त्याची वाक्यं वापरतोस. त्याच्यासारखं काम केलं असतंस तर बरं झालं असतं.

दाराबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. म्हणून काल मी नगरपालिकेत तक्रार दिली. तिची नक्कल सोबत जोडते आहे. पाठीमागून वार करायची मला सवय नाही. तक्रारीत लिहिलं आहे की माझ्या कुंपणापाशी अमोनिया मोजायच्या नळीत रंग दुसऱ्या रेघेपर्यंत चढतो, चोवीस वर्षांत तो एकदाही चढला नव्हता. माझ्या सफरचंदांच्या खोडांबद्दलही लिहिलं आहे. तुला आठवत नसेल, तू त्या वयात मोटारसायकलच बघायचास. वाफा होण्याआधी त्या खोडांवर नुसतं पिवळं दगडफूल होतं. पिवळ्याला अमोनिया मानवतो. करडं दगडफूल परत यायला पंधरा वर्षं लागली. पिवळं यायला इतका वेळ लागणार नाही.

सुनावणी सोळा एप्रिलला आहे. वाफा चालत नाही असं ठरलं तर परवाना थांबेल आणि गोठा रिकामा करावा लागेल. लग्नाच्या तोंडावर. हे मला कळतं. तुलाही कळावं म्हणून लिहिते आहे.

अ. वेन्सिंक


१४ मार्च

डेर्क,

तुझं उत्तर मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा मला वाटलं माझे डोळे गेले.

"वाफ्याला वळसा वगैरे काही नाही. हवा वाफ्यातूनच जाते. डुकरांची डिसेंबरची खेप गेल्यावर मी स्वतः वाफा धुतला, दाबाच्या पाण्यानं, वरून जंतुनाशक मारलं, नीट वाळवला. इतका स्वच्छ तो कधीच नव्हता. बाबांनी त्यावर किती शेवाळ चढू दिलं होतं ते बघायला हवं होतं तुम्ही. ढलप्या नव्यासारख्या दिसतात. येऊन बघा हवं तर."

आता येऊन काय बघू? प्रेत?

अरे, ते शेवाळ नव्हतं. ढलपीवरचा तो बुळबुळीत थर म्हणजेच वाफा. लाकूड हे त्याचं नुसतं घर. तू घर चकाचक केलंस आणि घरातले सगळे मारलेस. चोवीस वर्षांची वस्ती, एका दुपारी, त्याच बाटलीनं जिनं तू डुकरांच्या खोल्या धुतोस. तुम्ही डुकरंवाले सगळे असेच. जे बुळबुळीत दिसेल ते घासायचं. आपल्या आळीत लोक अंगणातल्या विटासुद्धा शनिवारी घासतात, त्यांच्याकडून दुसरं काय व्हायचं. पण तू एव्हर्टचा मुलगा. चोवीस वर्षं तो वाफा तुझ्या अंगणात होता. त्याला कधी कोणी घासताना पाहिलंस? दर खेपेनंतर तो त्या खोलीत नुसती पाण्याची झारी घेऊन जायचा. मला वाटायचं तू पाहत असशील. तू कशातच काही पाहत नाहीस.

शेतकीच्या हिवाळी वर्गात तुला मी नापास केलं होतं ते आठवतं? हवेच्या वाटेचा नकाशा तू स्वतःच्या अकलेनं बदललास. तेव्हा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कागदावर आहे ते करा, आपली अक्कल चालवू नका. तीस वर्षं झाली, तुला अजून तेच सांगावं लागतं.

कोणी सांगितलं तुला वाफा धुवायला? नाव सांग. त्यालाही एक पत्र लिहिते.

अ. वेन्सिंक


२३ मार्च

डेर्क,

काल दुपारी तुझी बायको माझ्याकडे आली होती. तू पाठवलं नव्हतंस हे हर्मिननं दारातच सांगितलं. कोट काढला नाही, पण कॉफी घेतली. दोन कप.

म्हणाली, "अलायडाबाई, तुमचं शेवटचं पत्र मी वाचलं. नाव विचारलंत ना? हे घ्या." आणि पर्समधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. प्लास्टिकच्या पाकिटातला, चार कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं. वाफ्याच्या खोलीच्या दाराआतून काढून आणलेला.

मी तिला म्हटलं, "साखर हवी का?"

ती म्हणाली, "नको. सहावा मुद्दा वाचा."

मी वाचला. अक्षर माझं आहे.

"डेर्क म्हणतो हा कागद कोणाला दाखवायचा नाही," हर्मिन म्हणाली. "सुनावणीतही नाही. म्हणतो, बाईंना या वयात लोकांसमोर मान खाली घालायला लावू नये. मी त्याला म्हटलं, आणि तू? तुझी मान काय भाड्यानं आणलीय? तर म्हणाला, माझी जाड आहे."

मग तिनं कप धुऊन पालथा घातला आणि गेली. कागद माझ्याकडे राहिला. तुमच्याकडे नक्कल नाही असं तिच्या बोलण्यावरून वाटलं.

एवढंच. थंडी अजून हटत नाही. वाफा वाळू देऊ नकोस, साधं पाणी चालू ठेव. सुनावणी सोळालाच आहे, मी तक्रार मागे घेतलेली नाही. कागदाबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही.

अ. वेन्सिंक


२ एप्रिल

डेर्क,

गेले दहा दिवस तो कागद माझ्या शेगडीशेजारी पडून होता. हे सांगायला नको होतं, पण तुला अर्धवट सांगितलेलं कळत नाही असा माझा अनुभव आहे. शेगडी रोज पेटते. मी तीनदा झाकण उघडलं.

काल बस पकडून मी वृद्धाश्रमात एव्हर्टकडे गेले. तो खिडकीशी बसून समोरच्या रस्त्यावरचे ट्रॅक्टर मोजत होता. त्याच्यापुढे कागद धरला आणि विचारलं, "तू दर खेपेनंतर हे करत होतास?"

त्यानं चष्मा शोधायचं नाटक केलं. मग म्हणाला, "हा कागद? मी कधी वाचलाच नाही."

"चोवीस वर्षं दारावर होता!"

"दाराला भोक होतं. वारा यायचा. बरा उपयोग झाला." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "अलायडा, तू तिथे दोन महिने माझ्या उरावर बसून बडबड केली होतीस. हे जिवंत आहे, हे जिवंत आहे. कानाला दडे बसले. त्यानंतर कागद कशाला वाचू? वासराला धुऊन दोरीवर वाळत घालू नये, असं कोणी लिहून ठेवतं का?"

मी म्हटलं, "डेर्कला सांगितलं होतंस का?"

तो पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला. तिथे मोजायला ट्रॅक्टर नव्हता. "मला वाटलं, कागद आहेच," असं म्हणाला.

तर हे असं आहे. सहावा मुद्दा तुला पाठ असेल, तरी लिहिते, कारण मला लिहून काढायचा आहे. "प्रत्येक खेप गेल्यावर पंख्यापासून बाहेरच्या तोंडापर्यंत हवेचा सगळा मार्ग दाबाच्या पाण्यानं धुवावा, जंतुनाशक फवारावं व एक दिवस कोरडा ठेवावा." वाफा त्या मार्गाच्या बरोबर मधोमध आहे. "वाफा सोडून" असं लिहायला हवं होतं, ते मी लिहिलं नाही. त्या दिवशी घाई होती म्हणून नव्हे. मला ते इतकं उघड वाटलं की लिहावंसं वाटलं नाही. हजार मुलांच्या वह्यांतून मी असल्या चुका लाल शाईनं खोडल्या आहेत. आणि तू, आयुष्यात एकदाच, कागदावर होतं तेच केलंस. अक्कल चालवली नाहीस. मीच शिकवलं होतं.

वाफा मी मारला. हे वाक्य वाचून तुला बरं वाटत असेल तर खुशाल वाटू दे. पण एक गोष्ट मी तुला माफ करणार नाही. माझी कीव करायचा अधिकार तुला कोणी दिला? म्हातारीला सांभाळून घ्या, म्हणे! अठराशे डुकरं, गोठा आणि मुलीचं लग्न पणाला लावून माझी अब्रू झाकणार होतास? मी इतकी मोडकळीला आलेली नाही. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर आपलं भांडण बरोबरीचं राहिलं असतं.

आता कामाचं. जंतुनाशक धुऊन जायला हवं. उद्यापासून तीन दिवस वाफ्यावर साधं पाणी, फवारा नाही, झारीसारखं. खालचं पाणी शेणखताच्या टाकीत घे, ओढ्यात नको. झेल्हमजवळ मी बांधलेला दुसरा वाफा अजून जिवंत आहे. त्या माणसाशी बोलणं झालं आहे, तो चार ट्रॉल्या जुन्या ढलप्या देईल. शनिवारी सकाळी सात वाजता तुझी मोठी ट्रॉली घेऊन माझ्या दारात ये. ढलप्या ताडपत्रीखाली ओल्या ठेवायच्या. ऊन लागता कामा नये. रस्त्यात माझ्याशी बोलायचं नाही. मला बोलायला काही नाही, आणि तुझे विनोद मी ऐकलेले आहेत.

हे जिवाणू फार सावकाश वाढतात. त्यांना घाई कळत नाही, शिव्या कळत नाहीत. सुनावणीपर्यंत काही दिसणार नाही. तिथे मी येते आहे.

अलायडा वेन्सिंक


१७ एप्रिल

डेर्क,

काल तू मला घरी सोडतो म्हणालास आणि मी बसनं आले, त्याचं कारण तुला कळलं नसेल. मला रडताना कोणी पाहिलेलं नाही, ते तुझ्या गाडीत सुरू करायचं नव्हतं.

काल दालनात जे झालं ते मी इथे पुन्हा लिहिते, कारण हर्मिनला तू दोन वाक्यांत सांगशील आणि दोन्ही चुकीची असतील. नगरपालिकेच्या फान लारबाईंनी विचारलं, "राउहोर्स्ट, वाफा का बंद पडला?" तू म्हणालास, "माझी चूक झाली, धुतला." त्यांनी विचारलं, "कोणाच्या सांगण्यावरून?" तू जमिनीकडे बघून म्हणालास, "माझ्याच." खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. वर्गातही व्हायचे.

मग मी उठले. कागद त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "तक्रार माझी, कागदही माझा. या माणसानं कागदावर होतं ते केलं. सहावा मुद्दा मोठ्यानं वाचा." त्यांनी वाचला. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. हेसेलिंकच असणार.

फान लारबाई म्हणाल्या, "वेन्सिंकबाई, म्हणजे तुम्ही तक्रार मागे घेता आहात?"

"अजिबात नाही. वास खरा आहे. मुदत मागते आहे."

"कोणासाठी? त्यांच्यासाठी की स्वतःसाठी?"

"वाफ्यासाठी," मी म्हटलं. "त्याची काही चूक नव्हती."

सात आठवडे मिळाले. चार जूनला त्या स्वतः नळी घेऊन येतील. तेव्हा रंग तिसऱ्या रेघेच्या वर गेला तर गोठा त्याच आठवड्यात रिकामा. लग्न असो की नसो. मला वाटतं हे न्याय्य आहे. तुला वाटत नसेल तर ते तुझ्याजवळ ठेव.

सूचना: आर्द्रता रोज सकाळी हातानं बघायची. मूठभर ढलप्या आवळल्या तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. आठवड्यातून एकदा जुन्या आणि नव्या ढलप्या फावड्यानं मिसळायच्या. परवा तू फावडं कोळसा भरल्यासारखं चालवत होतास. मी "हळू" म्हटल्यावर तू म्हणालास, "बाई, जिवाणूंना गुदगुल्या होतील का?" मी हसले नाही. खोकला आला होता.

अ. वेन्सिंक


२० मे

डेर्क,

मुदतीचे पाच आठवडे होत आले आणि आज सकाळी वाफ्याच्या तोंडाशी मला अजून डोळे चोळावे लागले. ढलप्या काळपट झाल्या आहेत, पण बोटाला चिकटत नाहीत. तू म्हणालास, "चिकटेल हो." तुला काय माहीत? मला माहीत नाही, तर तुला कुठून?

तू गेल्या रविवारी ढलप्या मिसळल्या नाहीस. येनेकेच्या कपड्यांसाठी शहरात गेला होतास, असं हर्मिननं सांगितलं. लग्न दरवर्षी होत नाही हे मान्य. पण रविवारी संध्याकाळी मी वाफ्यात उतरून एकटीनं मिसळलं. एकाहत्तराव्या वर्षी. उपकार म्हणून नाही. तू कीव केलीस त्याची परतफेड म्हणूनही नाही. ते जिवंत आहे आणि त्याला हवा लागते, म्हणून.

पंधरा दिवस उरले. गुरुवारी मला बरं नव्हतं तर तू पेटीत सुपाचं भांडं ठेवून गेलास. मटारचं. मीठ जास्त होतं.

अ. वेन्सिंक


५ जून

डेर्क,

काल फान लारबाईंनी नळी वाफ्यावर धरली तेव्हा तू गोठ्यात निघून गेलास. घाबरट. मी तिथेच उभी राहिले. रंग चढायला लागला, पहिली रेघ आली, आणि मग तो थांबला. त्यांनी घड्याळ बघितलं, नळी उन्हात धरली, पुन्हा थांबल्या. पहिली रेघ आणि वर केसाएवढं. त्यांनी दुसऱ्या नळीचं टोक फोडून पुन्हा मोजलं. तेच. मग त्यांनी वाकून ढलप्यांचा वास घेतला आणि म्हणाल्या, "माती." मी म्हटलं, "हो. आणि बोट लावून बघा, चिकटतं." त्यांनी लावलं नाही. शहरातल्या आहेत.

तुला हे सांगायला मी गोठ्यात आले तेव्हा तू एका डुकराच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा होतास. मी म्हटलं, "राहिला गोठा." तू म्हणालास, "कळलं. पंख्यातून ऐकू आलं." आणि मग आपण दोघं बराच वेळ त्या डुकराकडे बघत राहिलो. त्यालाच अवघडल्यासारखं झालं असावं.

यातून तू असा अर्थ काढू नकोस की आपला समेट झाला. फाटकापाशी जे बोललास ते मी विसरलेली नाही. मीही जे लिहिलं त्यातलं एकच मागे घेते, ते म्हणजे नाव विचारलं होतं ते.

सोबत नवीन कागद आहे. सहावा मुद्दा पूर्ण लिहिला आहे, "वाफा सोडून" लाल शाईत, दोनदा अधोरेखित. दारावर लाव. आणि त्याआधी येनेकेला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला उभं करून तोंडी सांग, कानाला दडे बसेपर्यंत. जुना कागद परत मिळणार नाही. तो मी स्वयंपाकघरात खिडकीशेजारी लावला आहे. खिडकी उघडी असते, त्यामुळे फडफडतो.

कमान उद्या संध्याकाळी सहाला बांधायची आहे. फांद्या माझ्या कोठारात आणून ठेवल्या आहेत. गेले तीन आठवडे मंगळवारी आळीतले लोक येऊन फुलं करत होते, तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. हेसेलिंक पहिल्या मंगळवारी आला आणि म्हणाला, "अलायडा, मला डेर्कनं सांगितलं कमान मी करायची. मी त्याला म्हटलं, तिच्या आधी माझं घर लागतं का?" आणि खुर्ची ओढून बसला. त्याची फुलं कोबीसारखी होतात. ती मागच्या बाजूला लावणार आहे.

पांढरी फुलं साठ कमी पडली आहेत. हर्मिनला कात्री घेऊन आज दुपारी पाठव. तू येऊ नकोस, तुझी बोटं जाड आहेत आणि वधूपित्यानं आपल्या दाराची कमान आधी बघायची नसते. शिडी मात्र कुंपणाशी आणून ठेव. माझी मोडली आहे.

अलायडा वेन्सिंक
घर तिथेच आहे. उचललेलं नाही.